सुपडूआबा आणि दोन भोंगे

आमच्या घरात भोंगा आधी आला आणि मी नंतर. लग्न होऊन जळगावला आले, माप ओलांडलं, मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर एक भलंमोठं पितळी प्रकरण टांगलेलं. सासूबाई म्हणाल्या, "नमस्कार कर. आपलं पोट त्याच्यावर चालतं." केला. तेवढ्यात त्या भोंग्यामागून एक माणूस बाहेर आला. हातात बॅटरी, कपाळाला आठ्या. मला, नव्या नवरीला, त्याने पहिला प्रश्न काय विचारावा, तर, "अक्का, तुना माहेरथीन मांजर तं नही ना वनी संगे?"

हे सुपडूआबा. माझ्या नवऱ्याच्या बँडमधले भोंगेवाले. माझ्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत, तो क्लॅरिनेट वाजवायचा आणि बँडही त्याचाच. पण भोंग्याचे मालक आबाच, त्यात वादच नव्हता. मांजर आत शिरून बसेल, पिल्लं घालेल, ही त्यांची कायमची धास्ती. रोज सकाळी यायचे, चप्पल दारात काढायचे, बॅटरी पेटवून भोंग्याच्या पोटात डोकावायचे, मग म्हणायचे, "शे. ठीक शे." मग चहा, मग बिडी.

कागदावर त्या वाद्याचं नाव सुसाफोन. आमच्या बँडमध्ये ते नाव कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. जाड नळीचा वेढा, तो माणसाने डोक्यावरून अंगात चढवायचा. वजन डाव्या खांद्यावर, उजव्या हाताची बोटं तीन पिस्टनवर, आणि डोक्याच्या वर परातीएवढं तोंड. आमचं ते तोंड सरळ आभाळाकडे होतं. कुठल्याशा संस्थानाचा बँड मोडला तेव्हा सासऱ्यांनी ते आणलेलं. त्याच्यावर साहेबी अक्षरं कोरलेली होती म्हणे, पण चिंच लावून घासून घासून ती पार गेली होती. आबांनीच घासली असणार, दुसरं कोण.

सुपडू हे नाव आमच्या खानदेशात का ठेवतात ते सांगायला पाहिजे. आधीची लेकरं जगली नाहीत की नंतरच्याला सुपात घालून ओढतात, म्हणजे हे तरी राहील. आबांच्या आधी तिघं गेली होती. आबा म्हणायचे, मी जन्मलो तेव्हा आई रात्रभर माझ्या नाकाशी बोट धरून बसायची, श्वास चालतो का बघायला. "मनी मायले मनी काळजी, मंग मी बिनकाळजीना कसा निघसू?" असं वर विचारायचे.

आणि खरंच, एवढा घोर लावून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वरातीला जायचं म्हटलं की टेम्पोची चारही चाकं स्वतः दाबून पाहणार. दोर बांधला की दोनदा ओढून पाहणार. भोंगा जुन्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसणार, आणि गाडी खड्ड्यात गेली की ड्रायव्हरकडे असं बघणार की त्या बिचाऱ्याला कापरं भरावं. मांडवाच्या गावी पोचलं की सगळे चहाकडे धावत आणि आबा एकटे वरातीची वाट आधी चालून येत, मान वर करून. विजेच्या तारा किती खाली आल्यात, कुणाच्या दारावरची कमान किती बुटकी आहे, ते बघायला. भोंग्याचं तोंड वर ना, तार लागली तर काय घ्या. "पहिले देख, मंग फुक," हे त्यांचं वाक्य. ते आमच्या घरात इतकं मुरलं होतं की सासूबाई चूल पेटवतानाही म्हणायच्या.

हसायचे सगळे त्यांना. मीही हसायची. पण चोपड्याला एकदा, मास्तरांनी सांगितलं ते सांगते, वरात गल्लीत शिरली होती, दोन्ही बाजूंना गच्च्या, त्यांवर बायका-पोरं वाकलेली, वरून अक्षता नि फुलं पडताहेत. अशा वेळी आबांचा भोंगा म्हणजे देवळातल्या दानपेटीसारखा, सगळं त्यात जमा. मध्येच ठण्ण झालं आणि भोंग्याचा आवाज बसला. आबांनी वाजवणं सोडलं नाही. त्या बसक्या आवाजात पूर्ण गल्ली काढली, मांडव आला, नवरदेव उतरला, मगच भोंगा उलटा केला. आतून स्टीलचा पेला निघाला. वरून कुणा लेकराच्या हातून सुटलेला.

दुसऱ्या कुणी तो यजमानांच्या हाती दिला असता. आबा उन्हात त्या गल्लीत परत गेले आणि दारोदार विचारत बसले, हा पेला कुणाचा. मास्तर इकडे खोळंबलेले, परतीचा टेम्पो उभा. शेवटी एका बाईंनी ओळखला. मी नंतर विचारलं, आबा, एवढं काय अडलं होतं. म्हणाले, "बँडवाला चोर शेतस असं म्हनतीन ना अक्का. मंग पुढला साल कोन बलावस?" पेला ज्यांचा होता त्या घरात पुढे लग्न निघालं तेव्हा त्यांनी आम्हालाच बोलावलं, हे मात्र खरं.

असा हा माणूस. अंगाने काटक, उंच, छाती मात्र केवढी. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, तेव्हा वराती निघत. पितळ तापून खांद्याला चटका बसायचा. आबा ओलं फडकं खांद्यावर घेत आणि वर भोंगा चढवत. फडकं वाळलं की दुसरं. आणि आवाज असा की मांडवात बसलेल्या बाईच्या हातातल्या ताटलीला समजायचं वरात आली. भोंग्यात काही गाणं नसतं, नुसते ठोके. पण तो थांबला की बाकीचे सगळे, माझा नवरासुद्धा, पाय घसरल्यासारखे वाजवायला लागतात. हे मी अंगणातल्या तालमीत शेकडो वेळा ऐकलंय म्हणून सांगते.

मग एक लग्नसराई अशी आली की भोंग्याचा आवाज ढिला पडला.

आधी मला वाटलं माझेच कान. मग मास्तर जेवताना म्हणाले, "आबांचा ठोका लांबत नाहीये. मध्येच तुटतो." दुसऱ्या दिवशी आबा स्वतःच म्हणाले, "हाऊ भोंगा गळी ऱ्हायना. हवा कोठेतरी जास." जुनं वाद्य, जागोजागी कथिलाचा डाग देऊन सांधलेलं. पिस्टन झिजलेले. गळायला काय, कुठूनही गळेल. सगळ्यांना पटलं.

मला नाही पटलं. का, ते सांगता येईना. त्याच सुमाराला आबा आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आले की चहा मागण्याआधी थोडा वेळ भिंतीला टेकून उभे राहायला लागले होते. बॅटरी हातात, पण डोकावायची घाई नाही. मी विचारलं, "आबा, बरं आहे ना?" तर म्हणे ऊन. डिसेंबरात कसलं ऊन? भोंगा गळतोय की आबा, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला आणि पडला तो गेलाच नाही. देवाला रोज म्हणायची, भोंगाच गळू दे रे बाबा. भोंग्याला डाग देता येतो.

गळती शोधायची आमच्याकडे एक रीत होती. सायकलची ट्यूब जशी पाण्यात बुडवतात, तशी. अंगणात सिमेंटचा हौद होता, कपडे धुवायचा. भोंग्याचं वरचं तोंड काढून ठेवायचं, उरलेल्या वेढ्याचं एक टोक रबराने घट्ट बंद करायचं, सगळं हौदात बुडवायचं आणि दुसऱ्या टोकाने कुणी तरी फुंकायचं. बुडबुडा जिथे येईल तिथे गळती. त्या दिवशी फुंकायला अनवर बसला. तो आमचा ट्रंपेटवाला, चाळीसगावचा, तरणाबांड. रशीदचाचा तांबट हातात खडू घेऊन उभे, खूण करायला. आणि आबा हौदावर ओणवे झालेले, नाक पाण्याला टेकतंय की काय इतके.

"बठ्ठा सांधा देखा का?" सगळे सांधे पाहिले का, हे आबांनी दहादा विचारलं असेल.

एका सांध्यापाशी बारीकसे बुडबुडे आले. एकामागून एक, मोहरीएवढे. मला सांगायला लाज वाटते, पण त्या बुडबुड्यांना बघून मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन सगळ्यांसाठी शिरा टाकला. रशीदचाचांनी तो सांधा उघडून, घासून पुन्हा डाग दिला. परत हौदात घातला. परत अनवरने गाल फुटेस्तोवर फुंकलं. पाणी स्तब्ध. एक बुडबुडा नाही. रशीदचाचा म्हणाले, "अब इसमें से बाप जनम नहीं निकलेगी." आबा खुशीत शिरा खाऊन गेले.

पुढच्या वरातीत ठोका तसाच तुटला.

आबा दुसऱ्या सकाळी आले. मी त्यांच्याआधी बोलायचं ठरवलं होतं, पण त्यांनी बोलू कुठे दिलं. चप्पल काढता काढताच सुरू. "पानीमा नही समजस, अक्का. उनमा पितळ तपनं का मंग गळस. गारठामा सांधा बसस, तपना का उघडस." मी म्हटलं, असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला कळलं की ह्या माणसाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. आणि मला ठाऊक आहे हे त्याला आता समजलंय. त्यांनी पटकन बॅटरी पेटवली आणि भोंग्यात डोकं घातलं, जितका वेळ घालायची गरज नव्हती तितका वेळ.

इकडे मास्तरांच्या डोक्यात वेगळंच चाललेलं. लोक आता नवे भोंगे मागायला लागले होते. नव्या भोंग्याचं तोंड समोर असतं, त्यावर बँडचं नाव रंगवता येतं, फोटोत येतं. धुळ्याच्या एका बँडकडे तर शुभ्र पांढरा होता, फायबरचा. मुलीकडचे विचारत, तुमच्याकडे पांढरा आहे का. मास्तरांनी हिशोब मांडला तो लोकांसाठी नाही, हे मी सांगते. त्यांना वाटलं, आबांचं वय झालं, ते ओझं आता झेपत नाही, म्हणून दम तुटतो. फायबरचा हलका. एका हाताने उचलावा. खांदा मोकळा झाला की छाती मोकळी होईल. मला त्यांचं म्हणणं इतकं पटलं की मीच त्यांच्या मागे लागले, आणाच.

मेरठहून भोंगा आला. पेंढ्यात गुंडाळलेला, लग्नातल्या घोड्यासारखा पांढरा. सगळे जमले. अनवरने तो एका हातावर तोलून दाखवला. आबा लांबून बघत होते. हात लावला नाही.

मग पंधरवडाभर आबांनी त्या भोंग्याची जी उणीदुणी काढली, विचारू नका. सकाळी चहाला आले की एक नवीन. म्हणे, "येनामा जीव नही. पितळले हात लावा तं ते बोलस, हाऊ मुका." खरंच होतं. पितळावर टिचकी मारली तर ते बराच वेळ घुमत राही, फायबरवर मारली की टप्, संपलं. दुसऱ्या दिवशी म्हणे याची नळी रुंद, हवा जास्त खातो. हेही खरं निघालं, अनवरच म्हणाला. मग म्हणे वारं. आमच्याकडे वैशाखात वावटळ उठली की पांढऱ्या भोंग्याचं तोंड शिडासारखं वारं धरतं, माणूस गरकन फिरतो. जुन्याला वारं हलवत नाही, वजन आहे ना. मग सुराचं निघालं. जुना भोंगा जुन्या चढ्या सुरातला, नवा त्याच्यापेक्षा उतरलेला, सगळ्यांनी सूर उतरवायला आपापल्या नळ्या बाहेर ओढून घेतल्याशिवाय जुळेना. मास्तरांनी कपाळाला हात लावला. एकही गोष्ट खोटी नव्हती हो. ज्याला त्या दोन भोंग्यांतला फरक शिकायचा असेल त्याने आमच्या ओट्यावर पंधरा दिवस चहा प्यायला यायला हवं होतं.

आणि वर घोडीचं झालं. पहिल्या वरातीत पांढरा भोंगा अनवरने वाजवला. वरात चौकात थांबते, तिथे बँड मागे वळून नवरदेवाकडे तोंड करून वाजवतो, हा आमचा रिवाज. जुन्या भोंग्याचा आवाज आभाळात जायचा, घोडीला त्याचं काही नव्हतं. नवा सरळ तिच्या तोंडावर वाजला. ती दोन पायांवर उभी. नवरदेव मागच्या मामाच्या अंगावर. कुणाला लागलं नाही, नशीब. आबा मला येऊन म्हणाले, "घोडी बिचकनी ना? मी काय म्हनू?" पण म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं.

मला कळत होतं. जोवर तो जुना, डागलेला, झिजलेला भोंगा आहे, तोवर हवा त्यातून जातेय असं म्हणता येतं. नव्याला एकही डाग नाही. नव्यात फुंकलं आणि ठोका तुटला, तर मग हवा कुठून जातेय? आबांना त्या पांढऱ्या भोंग्याचं भय होतं ते एवढ्यासाठी. मलाही होतं. मी झाडताना त्याच्या कोपऱ्याकडे जायची नाही.

शेवटी मास्तर म्हणाले, "आबा, अनवर ट्रंपेटला लागतो. आता तुम्हीच घ्या. आज इथेच वाजवून बघू." सकाळची वेळ होती. अंगणात मास्तर, अनवर आणि मी. मी भाजी निवडायला बसले होते आणि एकही पान निवडलं जात नव्हतं.

आबांनी भोंगा अंगात घातला. सवयीने खांदा झुकवला, तर वजनच नाही, एकदम कलले. सावरले. मास्तरांनी पायाने ताल धरला आणि एक साधा लांब सूर मागितला. आबांनी छाती भरली. सूर निघाला, चांगला निघाला, जाड, भरलेला. मी मनात देवाचे पाय धरले. मग तो बारीक झाला. मग फुटला. मग नुसती हवा, फुस्स अशी, आणि मग तीही नाही.

आबांनी तोंड बाजूला घेतलं. भोंगा उतरवला. आणि काय केलं, तर त्याचे सांधे तपासायला बसले. पेंढ्यातून काढून महिना न झालेल्या वाद्याचे. एकेका सांध्यावर अंगठा फिरवत, गाल लावून बघत. अनवरने तोंड फिरवलं. मास्तर म्हणाले, "आबा." आबा म्हणाले, "थांब रे, येनाबी..." आणि अंगठा तिथेच थांबला.

मी उठले आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. आबा म्हणाले, "अक्का, माले कव्हापासून माहीत शे." इतकंच.

डॉक्टरांकडे मास्तर घेऊन गेले. छातीचा फोटो काढला. डॉक्टर समजुतीचे होते. म्हणाले, फुप्फुसं सैल पडलीत, आत गेलेली हवा जोराने बाहेर पडत नाही. औषध देतो, बिडी बंद. आणि फुंकणं बंद. आबांनी विचारलं, थोडं थोडं? डॉक्टर म्हणाले, थोडंसुद्धा नाही, त्या थोड्यातच एक दिवस जाल.

पांढरा भोंगा अनवरकडे गेला, ट्रंपेटला दुसरा माणूस आणला. आबा घरी बसले. घर म्हणजे गल्लीच्या टोकाला एक खोली, बायको कधीच वारलेली, लेक दिलेली नाशिककडे. महिनाभर ते आले नाहीत. मी डबा घेऊन जायची. वरणबट्टी करून नेली, वांग्याची भाजी नेली, अर्धी तशीच. खाटेवर बसलेले असायचे, हात मांडीवर, आणि उजव्या हाताची तीन बोटं हलताहेत. आपोआप. त्यांना माहीतही नसेल. "घरमा बशीसन मी काय करू अक्का?" म्हणाले. "रातले झोप लागी गयी का भ्याव वाटस. सकाळे उठसू का नही." मी त्यांना रागवले. असं काही तरी बोलायचं का, म्हटलं. घरी येऊन मात्र मास्तरांसमोर रडले. म्हटलं, त्या माणसाचं काहीतरी करा, तो तिथे नुसता श्वास मोजत बसलाय.

माझा नवरा तसा बोलण्यात कंजूष. पण त्याने जे केलं ते अजून आठवलं की मला त्याच्याबद्दल बरं वाटतं. तो आबांकडे गेला आणि म्हणाला, "आबा, लोकांना आता दोन भोंग्यांचा बँड पाहिजे. एक पांढरा, एक पितळी. दिसतं भारी. तुम्ही जुना घेऊन चला. फक्त एक अडचण आहे, जुन्याचा सूर चढा, नव्याचा उतरलेला, दोन्ही एकदम वाजले तर वाटोळं होईल. तेव्हा तुम्ही नुसतं धरा. फुंकू नका. बँडची गरज आहे म्हणून सांगतो."

आबांना काय कळायचं ते कळलं असणार. पण म्हणाले, "हां, सूरना तं प्रॉब्लेम शेच." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी घेऊन हजर.

मी मास्तरांवर उखडले. वजन उचलायला लावता त्यांना? मास्तर म्हणाले, डॉक्टरांना विचारलंय, सावकाश चालले तर चालेल. आणि म्हणाले, खाटेवर बसून राहिले तर आणखी लवकर जातील.

ते पुढे दोन लग्नसराया चालले. गोधडी, दोर, तारा, कमानी, सगळं होतं तसं. वरातीत अनवरच्या शेजारी, गाल फुगवलेले, बोटं पिस्टनवर बरोबर चालू, पाय ठोक्यात. बघणाऱ्याला कळणार नाही. आमच्या बँडच्या पोरांनी कधी चेष्टा केली नाही. एकदा एकाने केली तर अनवरने त्याला बाजूला घेतलं, मग नाही केली. पण माझा घोर काही सुटला नाही. प्रत्येक वरातीहून टेम्पो परत येईपर्यंत मी ओट्यावर. एवढा जुना भोंगेवाला, तोंडाशी वाद्य, समोर ठोका पडतोय, आणि फुंकायचं नाही. किती दिवस धीर धरेल?

माझ्या भावाच्या मुलीचं लग्न जामनेरला होतं. बँड अर्थात आमचाच. त्या दिवशी मी पाहुणी, वरातीला सामोरी जाणाऱ्या बायकांत. एरवी बँडमागच्या बायकांना वरात बघायला कुठे मिळते. मी आबांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा चालत्या वरातीत पाहिलं. ऊन उतरलं होतं. पितळी भोंगा लखलखत होता, पांढऱ्यापेक्षा उठून दिसत होता. बाजारातल्या चौकात वरात थांबली. बँड घोडीपासून दूर उभा राहिला, तेवढं शहाणपण आलं होतं. पोरं नाचायला लागली. माझी नजर आबांच्या मानेवर. एका क्षणी मला वाटलं मानेची शीर फुगली. मग वाटलं भास असेल.

शेजारी माझ्या भावाचे व्याही उभे होते, हौशी गृहस्थ. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, काही म्हणा, तुमचा तो जुना भोंगा घुमतो बरं. नव्यात ती मजा नाही." वरात पुढे निघाली होती आणि आबा तेव्हा अगदी जवळून चालले होते. त्यांनी ऐकलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं, घाबरलेले डोळे, मी आता काय बोलते म्हणून. मी म्हटलं, "हो ना, आमचे आबा आहेत ते. सासऱ्यांच्या वेळेपासून वाजवतात."

मांडवात वरात उतरली. आबा मागच्या बाजूला सतरंजीवर बसले होते, भोंगा शेजारी आडवा. ओठ निळसर दिसले मला. मी तांब्या भरून पाणी नेलं. ते घोट घोट प्यायले, मध्ये थांबत. मी पदराने वारा घालत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं, सगळे नवरदेवाकडे.

"अक्का," ते हळू म्हणाले, "मास्तरले सांगू नको. चौकमा मी दोन दाव फुका."

मी घाबरले की नाही, हे ते बघत नव्हते. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"आयकू वना का तुले?"

चौकात मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. मला अनवरच्या भोंग्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं.

"आला की आबा," मी म्हटलं. "चांगला घुमला."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"नही वना, अक्का," ते म्हणाले. "मालेबी नही वना."

तिकडे मास्तरांनी शिट्टी दिली. नवरीला मांडवात आणायची वेळ झाली होती. मी म्हटलं, बसा आबा, एक गाणं राहू द्या. त्यांनी मान हलवली. भोंगा डोक्यावरून अंगात घेतला, एक हात जमिनीला टेकवून उभे राहिले, आणि सावकाश चालत अनवरच्या शेजारी आपल्या जागेवर गेले. क्लॅरिनेट सुरू झाली तसे त्यांनी गाल फुगवले.